रसाळ वकिलांचा रेडिओग्राम

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर आवाज घोगरा झाला.

आधी लोकांना वाटलं, तबकडीच खराब असेल. पुढच्या रांगेत रसाळ वकील डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या पंचाहत्तरीसाठीच आम्ही सगळे बार्शीच्या वाचनालयाच्या सभागृहात जमलो होतो, आणि तबकड्याही त्यांच्याच, तरुणपणापासून जपलेल्या. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. मी रेडिओग्रामच्या मागं उभी होते. एकाच लाकडी पेटीत रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र, कपाटाएवढा तो सेट मी दीड महिना खपून जिवंत केला होता. मागच्या जाळीतून आत वाकून बघितलं तर शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळीच्या, आतला पत्रा लाल झालेला. व्हॉल्व्ह चालू असला की मध्ये बारीकसा नारिंगी उजेड असतोच, पण तो वेगळा. हा पत्रा लोहाराच्या भट्टीतून काढल्यासारखा दिसत होता. मी खटका बंद केला, पण तोवर जळक्या डांबराचा वास खुर्च्यांपर्यंत पोचला होता.

"लांब व्हा, शॉक-बिक बसंल," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

वकिलांचे जावई प्रभुणे उठून माझ्याजवळ आले. त्यांच्या मागोमाग माझे थोरले भाऊ आले, अण्णा. मला वाटलं, अण्णा आता पेटीच्या मागं वाकतील, काय झालंय ते बघतील. त्यांनी पेटीकडं पाहिलंसुद्धा नाही. प्रभुण्यांना हात जोडून ते म्हणाले, "पोरीचा हात आहे, साहेब. अजून कच्चा आहे. मी म्हणालो होतो तिला, एवढं मोठं काम घेऊ नको. ऐकलं नाही."

असं काही ते मला कधीही म्हणाले नव्हते.

"असू द्या," प्रभुणे म्हणाले. "जुनी वस्तू आहे, व्हायचंच." मग सभागृहाचा कर्णा लावून भाषणं झाली, पेढे वाटले गेले. मी पेटीशेजारी उभी होते. येणारी-जाणारी बाई माझ्याकडं बघून घेत होती. काही बघण्यात कीव होती, काही बघण्यात बरं झालं असं होतं. रेडिओ दुरुस्त करणारी मुलगी गावात मी एकटीच होते.

हे शहाऐंशी सालचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, लग्न न झालेली. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते आणि अण्णांनी नुकतंच 'शेटे रेडिओज' हे दुकान घराच्या पुढच्या खोलीत काढलं होतं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, त्यामुळं मला ते वडिलांच्याच जागी. मॅट्रिकनंतर मी दुकानात बसायला लागले तेव्हा नातेवाइकांनी बरंच ऐकवलं. पोरीच्या जातीनं गिऱ्हाइकांसमोर बसून कथिलाचा डाख देत बसायचं, कोण करणार हिच्याशी लग्न? अण्णा शांतपणे म्हणायचे, "तिच्या हातात कला आहे. तुमच्या घरात कुणाच्या आहे का, सांगा."

हे वाक्य मी किती दिवस मनात घोळवलं असेल.

शिकवलंही त्यांनीच. वितळलेलं कथील जोडावर किती टाकायचं, तापलेलं आयर्न किती वेळ टेकवायचं, थंड होईपर्यंत तार हलू कशी द्यायची नाही. अण्णांचा डाख मोत्यासारखा यायचा, गोल, चकचकीत, शेजारच्या जोडाला जराही न चिकटणारा. गावातले दुसरे मेकॅनिक सेट उघडून म्हणायचे, हा शेट्यांकडून आलाय. शिकवण्याची त्यांची एक रीत होती. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे मला मोठ्यानं वाचायला लावायचे. "वाच बरं, अंबू." मी वाचायची, "पिवळा, जांभळा, लाल." ते किंमत सांगायचे. अलीकडं वर्षभर तर बारीक काम सगळं माझ्याकडंच दिलं होतं. "तुझा हात आता बसलाय," म्हणायचे. "मी गिऱ्हाईक बघतो, तू सेट बघ." मला अभिमान वाटायचा.

रसाळ वकिलांचा रेडिओग्राम असाच माझ्याकडं आला. वीसेक वर्षं माळ्यावर पडून होता, उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. प्रभुणे पुण्यात जुन्या ध्वनिमुद्रिका जपणारी एक संस्था चालवायचे. व्हॉल्व्हची यंत्रं दुरुस्त करणारी जुनी माणसं एकेक करून संपत चालली होती आणि त्यांना तशा माणसाची गरज होती. सासुरवाडीला आले की ते दुकानात येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे, प्रश्न विचारायचे. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आले, तेव्हा मी त्यांना माझं मुख्य काम दाखवलं होतं. आवाज मोठा करणाऱ्या दोन व्हॉल्व्हच्या मध्ये एक कंडेन्सर असतो. मागचा गाण्याचा आवाज तो पुढं जाऊ देतो, पण मागची वीज पुढं जाऊ देत नाही. या सेटमधला जुना, मेणकागदाचा तपकिरी कंडेन्सर गळका झाला होता. थंड असताना ठीक, गरम झाला की वीज झिरपायला लागायची. मी तो काढून नवा पिवळा बसवला होता. प्रभुण्यांनी माझ्या हातातला आरसा घेऊन तो खालून नीट बघितला.

"पुण्याला याल का?" त्यांनी विचारलं. "बायकांच्या वसतिगृहात जागा मिळेल. पंचाहत्तरीला सेट वाजला की मी संस्थेत सांगू शकेन, काम बघितलंय म्हणून."

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा हसले. "जा की," म्हणाले. "असं रोज कोण विचारतंय?"

आणि मग तो कार्यक्रम झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडीवरून सेट परत दुकानात आला. अण्णा म्हणाले, "आता उघडू नकोस. काही दिवस जाऊ दे. मी सांगतो वकिलांना, नाही होत म्हणून."

"का नाही होत?"

"झालं ना एकदा हसं? पुन्हा कशाला?" आणि ते चहा घ्यायला आत गेले.

मी पेटी उघडली. आतला सांगाडा काढून टेबलावर उलटा ठेवला. जळलेलं काही दिसलं नाही. ट्रान्सफॉर्मरचं डांबर जरा वितळलं होतं, पण मीटर लावला तर वेटोळं शाबूत होतं. मी वेळेवर खटका बंद केला होता. मग सेटला हळूहळू वाढवत वीज दिली आणि मोठ्या व्हॉल्व्हच्या, कंडेन्सरकडून आवाज येतो त्या टोकाला मीटर टेकवून बसले. तिथं वीज नसायला हवी. सुरुवातीला नव्हतीही. मग काटा हलला. थोडा थांबला, परत हलला. सेट तापत गेला तसा काटा चढत गेला.

हे मी आधी एकदा बघितलं होतं. याच सेटमध्ये, जुना कंडेन्सर काढण्यापूर्वी.

सेट बंद केला आणि वायरींखाली दडलेल्या त्या जागी आरसा घालून बघितलं. पिवळा कंडेन्सर जागेवर नव्हता. तिथं तपकिरी मेणकागदाचा तो जुनाच होता.

मी काढलेला जुना माल एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. डबा उघडला. माझा पिवळा कंडेन्सर त्यात वर पडला होता, पाय वाकलेले.

म्हणजे चूक झाली नव्हती. कुणीतरी मुद्दाम अदलाबदल केली होती. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी पेटी बंद केली तेव्हा सगळं ठीक होतं, तासभर वाजवून बघितलं होतं. सकाळी ती तशीच सभागृहात गेली. तिथं जोडून एक तबकडी थोडीशी वाजवली आणि पुढं कार्यक्रमालाच चालू केली.

मी डाख बघितला. तो बघून मला हायसं वाटलं, हे आज सांगायलाही विचित्र वाटतं. इतका घाणेरडा डाख आमच्या दुकानात कुणाचाच नव्हता. कथिलाचा गोळाच्या गोळा, तार एका बाजूला उघडी, शेजारच्या जोडापर्यंत ओघळ. शेजारच्या वायरीचं वेष्टण आयर्न लागून काळं पडलेलं. अण्णांचा हात असा नव्हता. घरातलं कुणी नव्हतं, बाहेरचंच कुणीतरी होतं.

अण्णा कपबशी घेऊन दुकानात आले. मी सांगाडा त्यांच्यापुढं सरकवला.

"अण्णा, कुणीतरी जुना कंडेन्सर परत बसवलाय."

"कोण बसवील?"

"तेच विचारतेय."

"गडबडीत तूच नवा म्हणून जुना लावला असशील. होतं."

"तासभर वाजवलाय मी, अण्णा. आणि हा डाख माझा नाही."

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"तुमचाही नाही," मी म्हणाले. "बघा ना, कसला दिलाय. आंधळ्यानं दिल्यासारखा."

अण्णांनी कप खाली ठेवला. बशीवर जरा आपटलाच. "मागच्या दाराची कडी ढिली आहे," ते म्हणाले. "बाजारातल्या कुणाच्या तरी पोटात दुखलं असेल. तुझं नाव व्हायला लागलं होतं ना."

हे मला पटलं. पटणारच होतं, कारण मला तेच हवं होतं. बाजारात दोन दुकानं होती, दोन्हीकडं माझ्यावर नाक मुरडणारे होते. मी उठलेही असते, कुणाला जाऊन विचारलंही असतं. पण अण्णांनी कप परत उचलला तेव्हा त्यांचा डावा अंगठा कपाच्या कानापासून लांब धरलेला दिसला. अंगठ्याच्या टोकाला फोड आला होता, पांढरा, ताजा.

"अंगठ्याला काय झालं?"

"चुलीला लागला."

गिरिजावहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या कमी बोलायच्या. अण्णांसमोर तर फारच कमी.

"चूल कुठली?" त्या म्हणाल्या. "गॅस येऊन दोन वर्षं झाली."

"तू आत जा," अण्णा म्हणाले.

"जाते. आधी तिला सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते."

अण्णा स्टुलावर बसले. वहिनीच बोलल्या. माझ्याकडं न बघता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "अंबूताई, ह्यांना जवळचं दिसत नाही. मागच्या दिवाळीला सोलापूरला गेलो होतो ना, लग्नाला म्हणून, ते डॉक्टरकडं गेलो होतो. डोळ्याच्या पडद्याला मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोर धरलेलं दिसत नाही. औषध नाही म्हणाले. वाढतच जाणार. मला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

मला एकदम ते रंगीत पट्टे आठवले. "वाच बरं, अंबू." मी नवी होते तेव्हा वाचायला लावायचे ते शिकवण्यासाठी. हे वर्षभर कशासाठी वाचायला लावत होते? तुझा हात बसलाय, मी गिऱ्हाईक बघतो. वर्षभर ज्या शब्दांवर मी फुलले होते, ते सगळे एकेक करून त्या टेबलावर उलटे पडले.

"अंगठ्यानं चाचपून दिलात डाख?" मी विचारलं.

"जागा पाठ आहे मला," अण्णा म्हणाले. त्यात किंचित गर्व होता. तो गर्व ऐकून माझ्या अंगाची आग झाली.

"माझं काम बिघडवलंत."

"सेट जळणार नाही याची खात्री होती मला. तू जवळच असशील, बंद करशील, हे माहीत होतं."

"माझं काम बिघडवलंत, अण्णा."

"तू गेल्यावर दुकानात कोण बसणार होतं?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "गिऱ्हाईक सेट घेऊन येणार, मी उघडणार, आणि काय करणार? चार दिवसांत गावभर झालं असतं, शेट्याला दिसत नाही. मग कुणी जुनी बॅटरीसुद्धा आणली नसती माझ्याकडं."

"मला सांगायचं होतं. मी थांबले असते."

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"थांबली असतीस. कीव करून. रोज माझ्याकडं तशा नजरेनं बघत थांबली असतीस. बिचारा अण्णा. पुण्याची नोकरी सोडली मी अण्णासाठी." त्यांनी अंगठ्यावरचा फोड दुसऱ्या बोटानं दाबून बघितला. "ते मला नको होतं."

"मग हे बरं? माझा हातच कच्चा आहे असं मला वाटायला हवं होतं? म्हणजे मी जन्मभर इथं बसले असते, तुमचे उपकार मानत?"

वहिनींनी मान खाली घातली. अण्णा म्हणाले, "लोक विसरले असते वर्षभरात."

"मी विसरले असते?"

त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं. मी म्हणाले, "तुमचे डोळे गेले हे कुणाला कळू नये म्हणून गावासमोर माझा हात वाईट ठरवलात. आणि वर तिथं हात जोडून सांगितलंत, मी म्हणालो होतो तिला म्हणून. ते तरी का?"

"ते तोंडातून गेलं," अण्णा म्हणाले.

मला वाटतं, खरं बाहेर आल्यावर तेवढं एकच ते खोटं बोलले.

मी आयर्न तापत लावलं. त्यांचा डाख काढला, जोड साफ केला, पिवळ्या कंडेन्सरचे पाय सरळ करून परत बसवला. डाख चांगला आला. अण्णा तिथंच बसून होते. नाकाला कथिलाचा वास येत असेल, आवाज येत असेल. त्यांना फक्त दिसत नव्हतं. मी उगीचच आणखी दोन जोड नवे केले, त्यांनी उठून जावं म्हणून. ते गेले नाहीत.

दुपारी वहिनी आणि मी मिळून हातगाडीवाला बोलावला आणि रेडिओग्राम वकिलांच्या घरी नेला. प्रभुणे संध्याकाळच्या गाडीनं निघणार होते. माझं हे एवढं ऐका, म्हणून मी सेट चालू केला. वकील येऊन बसले. घोगरं झालेलं तेच गाणं त्यांनी लावायला सांगितलं, मग दुसरं, मग तिसरं. मी पेटीच्या मागं जाळीला डोळा लावून होते. व्हॉल्व्हमध्ये तेवढाच बारीक उजेड होता. तबकड्यांची चळत संपत आली तरी काही बिघडलं नाही. वकिलांच्या पत्नींनी माझ्या आणि वहिनींच्या हातात पोहे दिले. सभागृहातली गर्दी आता इथं नव्हती. ऐकायला घरातली चार माणसं होती.

"काय झालं होतं?" प्रभुण्यांनी विचारलं.

येताना मी ठरवलं होतं, सगळं सांगायचं. तोंड उघडलं तर वहिनी माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी काही खुणावलं नाही, विनवलं नाही. फक्त पोह्यांची बशी हातात तशीच धरून ठेवली होती.

"जुना कंडेन्सर राहून गेला होता," मी म्हणाले.

प्रभुणे पेटीकडं वळले. "नवा पिवळा मी आरशातून बघितला होता," ते म्हणाले.

मी खाली बघितलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, वहिनींकडं पाहिलं. परत विचारलं नाही. उठताना म्हणाले, "पुण्याला कधी येताय ते कळवा."

मी त्याच महिन्यात गेले. अण्णा एसटी स्टँडवर आले होते, वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून. गावात त्यांनी तसं चालण्याची ती पहिलीच वेळ असावी. म्हणाले, "मी सगळ्यांना सांगितलंय, डोळ्यांमुळं दुकान बंद करतोय." मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. मी विचारलं, "आणि रेडिओग्रामचं?" गाडी सुरू होत होती. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

पुण्यात मी तीस वर्षं काम केलं. माझ्या हाताखाली पुढं बरीच माणसं शिकली. लग्न उशिरा केलं, संस्थेतल्याच एका सज्जन माणसाशी. अण्णा-वहिनींकडं जाणं-येणं राहिलं. सणाला जायची, दवाखान्याचं बघायची. अण्णांनी डोळे जात चालल्यावर दुकानाच्या जागेत पिठाची गिरणी टाकली, ती चांगली चालली. आम्ही सगळ्या विषयांवर बोलायचो. त्या एका विषयावर कधीच नाही. मी वाट बघत होते, हे त्यांना माहीत असणार. आवाजावरून माणसाच्या मनातलं त्यांना बरोबर कळायचं.

काही वर्षांपूर्वी वहिनींच्या भाचीचं लग्न बार्शीत होतं. जेवणाच्या टेबलावर आम्ही शेजारी बसलो होतो, अण्णा आणि मी. समोर बाजारपेठेतले एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. अण्णांना नमस्कार केला, मग माझ्याकडं निरखून बघितलं.

"ही तुमची बहीण ना? वाचनालयात वकिलांचा रेडिओ जाळला होता ती?" ते हसले. वाईट मनानं नाही. "केवढा धूर झाला होता. आम्ही अजून सांगतो पोरांना."

टेबलावरचे सगळे हसले. माझा नवराही हसला, त्याला माहीत नव्हतं. मी अण्णांकडं पाहिलं. त्यांना आता समोरचं काहीच दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मोठ्यानं म्हणायचीही गरज नव्हती.

त्यांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं. ओठ जरा हलले. मी हातातला घास तसाच धरून थांबले.

"अंबू," ते म्हणाले, "पाणी दे गं जरा."

मी घास ताटात ठेवला, पेला भरला, आणि त्यांची बोटं पेल्याभोवती नीट बसली आहेत हे बघून हात काढून घेतला.